चेन्नई ते रामेश्वर गाडीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेन्नईहून रामेश्वरला मी आतापर्यंत तीनदा गाडीने गेलो. पहिल्यांदा पहाटे निघून रात्री पोचलो आणि वाटेतलं काहीच पाहिलं नाही. दुसऱ्यांदा आईवडिलांना घेऊन चार दिवस लावले, तेव्हा कळलं की या वाटेवर आपल्याच लोकांच्या किती खुणा आहेत. तेव्हापासून नातेवाईक, सोसायटीतली मंडळी, ऑफिसातले मित्र तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितो.

रामेश्वर बेटावर आहे. मग गाडी बोटीतून न्यावी लागते का?

नाही. मंडपम हे मुख्य भूमीवरचं शेवटचं गाव. तिथून पांबन बेटापर्यंत समुद्रावर सुमारे सव्वादोन किलोमीटरचा रस्तापूल आहे. २ ऑक्टोबर १९८८ रोजी राजीव गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. त्याआधी बेटावर जायला आगगाडी हाच मार्ग होता. आजीआजोबांच्या पिढीतलं कुणी काशी-रामेश्वर करून आलं असेल, तर ते आगगाडीनेच पूल ओलांडून गेलेलं असणार. तुम्हाला मात्र स्वतःच्या गाडीने थेट देवळाच्या गल्लीपर्यंत जाता येतं.

अंतर किती? एका दिवसात होतं का?

विळुपुरम, तिरुचिरापल्ली, पुदुकोट्टै, रामनाथपुरम या मार्गाने साधारण ५६० किलोमीटर. रस्ता चांगला आहे. जेवणखाण धरून दहा-अकरा तासांत पोचता येतं. पण मी ते केलंय आणि कुणालाही सांगणार नाही. संध्याकाळी थकून पोचायचं, पहाटे डोळे चोळत तीर्थस्नानाला उभं राहायचं, दुपारी बेटाच्या टोकाचं धनुष्कोडी उरकायचं आणि परत फिरायचं, असा प्रवास मनात राहत नाही. सुट्टी अगदीच कमी असेल तर आगगाडीने जा. रात्री झोपून सकाळी तिथे पोचाल.

मग किती दिवस काढावेत आणि मार्ग कोणता धरावा?

जायला चार दिवस, बेटावर दोन आणि परतीचा एक, असा आठवडा मिळाला तर उत्तम. आईवडिलांसोबत आम्ही असं केलं:

पहिल्या दिवशी चेन्नईहून किनाऱ्याच्या रस्त्याने महाबलीपुरम आणि मुक्कामाला पुद्दुचेरी, म्हणजे जेमतेम १५० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी चिदंबरमला नटराजाचं दर्शन, मग कुंभकोणमजवळच्या दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर आणि रात्री तंजावर. तिसरा दिवस पूर्ण तंजावरचा. चौथ्या दिवशी ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै, मनोरा आणि तिथून समुद्र डाव्या हाताला ठेवत तोंडी, देवीपट्टिनम, रामनाथपुरम करत रामेश्वर. हा शेवटचा टप्पा २४० किलोमीटरच्या आसपास भरतो.

कुंभकोणमला न वळता किनाऱ्यानेच खाली जाता येतं. तरंगंबाडीला डॅनिश लोकांनी १६२० साली बांधलेला किल्ला आहे. पुढे कारैकाल, नागूर, नागपट्टिनम, वेलांकन्नी लागतात. नागूरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंह राजाने बांधून दिला. वेलांकन्नीला जायचं असेल तर २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हे यात्रेचे दिवस टाळा किंवा मुद्दाम त्याच दिवसांत जा, मधलं काही नाही. त्या काळात रस्त्यावर भगव्या कपड्यांतले पायी यात्रेकरू मैलोन्‌मैल दिसतात.

आखणी करताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तमिळनाडूतली देवळं दुपारी बंद असतात. बारा-साडेबाराला दरवाजे लागले की चारपर्यंत, काही ठिकाणी त्याहून उशिरापर्यंत उघडत नाहीत. म्हणून सकाळी देऊळ, दुपारी गाडी आणि संध्याकाळी दुसरं देऊळ असा क्रम लावा. आमचा पहिला बेत नेमका याच्या उलट होता. भर उन्हात चिदंबरमच्या बंद दारासमोर आई तीन तास बसून राहिली.

तंजावरसाठी वाट वाकडी करण्याइतकं तिथे काय आहे?

मला विचाराल तर रामेश्वरला जायचंच तंजावरवरून. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. चोळांच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा भला मोठा मराठी शिलालेख आहे, १८०३ साली सरफोजी राजांनी कोरून घेतलेला. हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ देवळाच्या भिंतीवर देवनागरी अक्षरं दिसली आणि माझे वडील, एरवी कधी न थांबणारे, अर्धा तास बोट फिरवत एकेक ओळ लावत बसले.

राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथे तमिळ आणि संस्कृतसोबत मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रं जपलेली आहेत. मुख्य संग्रह अभ्यासकांसाठी असला तरी लहानसं संग्रहालय सगळ्यांना पाहता येतं. गावात अजूनही काही घरांत जुन्या वळणाची मराठी बोलली जाते. ती ऐकायला मिळाली तर जरूर थांबून ऐका.

आणि खरी गोष्ट पुढच्या रस्त्यावर आहे. तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली. छत्र म्हणजे यात्रेकरूंना उतरायला जागा आणि पोटभर जेवण देणारी धर्मशाळा. तंजावरहून पंचवीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडूला सरफोजींनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आहे. त्याच्या जोत्यावर हत्ती-घोडे कोरलेत, जणू ते आख्खी इमारत रथासारखी ओढत आहेत. आता तिथे यात्रेकरू उतरत नाहीत. पण गाडी बाजूला लावून पाच मिनिटं उभे राहा. पैठण, नाशिक, वाईहून पायी निघालेली माणसं महिनोन्‌महिने चालून अशाच ओसऱ्यांवर टेकली. आपण एसी लावून दीड तासात जे अंतर कापतो, ती त्यांची दोन दिवसांची मजल होती.

मनोरा म्हणजे काय?

मल्लिपट्टिनमजवळ अगदी समुद्राकाठी उभा असलेला आठ मजली षट्कोनी बुरूज. नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ सरफोजी राजांनी तो बांधला. भोवती खंदक आहे. नावाचा अर्थ मराठी माणसाला कुणी सांगावा लागत नाही. गर्दी नसते, वारा भरपूर असतो, डबा खायला याहून चांगली जागा त्या रस्त्यावर नाही. पाणी सोबत ठेवा.

जिंजी याच मार्गावर आहे का?

थोडं आत आहे. तिंडिवनमहून पश्चिमेला तीस किलोमीटरच्या आत. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतली. पुढे राजाराम महाराजांनी इथूनच मोगलांशी झुंज दिली, तो वेढा १६९८ पर्यंत चालला. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात महाराष्ट्राबाहेरचा हा एकच किल्ला. राजगिरी चढायचा असेल तर सकाळी सातला पायथ्याशी असा. दहानंतर दगड तापतात आणि माकडं पिशवी सोडत नाहीत. परतीच्या दिवशी जमवायचं तर मुक्काम वाढवावा लागेल.

गाडी भाड्याने घ्यावी की घरची न्यावी?

घरची नेणार असाल तर चेन्नईला जायची गरजच नाही. पुण्याहून बेंगळुरू, सेलम, मदुरैमार्गे रामेश्वर १४५० किलोमीटरच्या घरात आहे. दोन चालक असतील आणि वाटेत दोन मुक्काम करायची तयारी असेल तरच.

बाकीच्यांनी चेन्नईपर्यंत विमानाने किंवा आगगाडीने यावं आणि तिथे गाडी घ्यावी. स्वतः चालवायची भाड्याची गाडी असेल तर पाटी काळी आणि आकडे पिवळे आहेत ना ते पाहा. खासगी पांढऱ्या पाटीची गाडी कुणी स्वस्तात दिली तरी घेऊ नका, अपघात झाला तर विमा मिळणार नाही. ताबा घेताना चारही बाजूंनी आणि टायरचा व्हिडिओ काढून ठेवा. माझ्याकडून एकदा जुन्या ओरखड्याचे पैसे कापले गेले आणि दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

चालकासह गाडी घेतली तर किलोमीटरचा दर, रोजचे किमान किलोमीटर, टोल, पार्किंग आणि चालकाचा बाटा, म्हणजे रोजचा भत्ता, हे सगळं आधी लिहून घ्या. चालकाच्या झोपायची सोय विचारा. चांगला झोपलेला चालक हीच सगळ्यात मोठी सुरक्षा.

रस्ता कसा आहे? रात्री चालवावं का?

तिरुचिरापल्लीकडचा महामार्ग रुंद आणि सरळ आहे. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, टोलनाके बरेच लागतात. किनाऱ्याचा रस्ता दिसायला देखणा, पण गावं रस्त्याला चिकटून आहेत. शेळ्या, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी, फाट्यावर अचानक वळणारे ट्रॅक्टर. कावेरीच्या खोऱ्यात सुगीच्या दिवसांत लोक डांबरावरच भात वाळत घालतात. त्यावरून ब्रेक दाबला तर गाडी घसरते. अंधार पडल्यावर किनाऱ्याच्या रस्त्याने जाऊ नका.

कोणत्या महिन्यात जावं?

जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो, तिथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही त्याच सुमाराला येतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवलंत तर परतीची तारीख एक-दोन दिवस मोकळी ठेवा. हवामान खात्याचा लाल इशारा आला तर जाऊ नका. धनुष्कोडीचं काय झालं ते खाली लिहिलंय.

पोंगल सणाच्या आठवड्यात चेन्नईतून बाहेर पडणारे रस्ते तुंबलेले असतात. रामेश्वरात महाशिवरात्र, आडी आणि थै या तमिळ महिन्यांतली अमावास्या आणि आपली सर्वपित्री या दिवशी लाखाची गर्दी होते. पितृकार्यासाठीच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. मे महिन्यात ऊन फार, पण तेव्हा रस्त्याकडेला ताडगोळे मिळतात, तिथे त्यांना नुंगू म्हणतात.

खाण्यापिण्याचं कसं?

काळजीच नको. सकाळी इडली, पोंगल, वडा. दुपारी केळीच्या पानावरचं जेवण, ज्याला सगळीकडे मील्सच म्हणतात. कुंभकोणमच्या बाजूला पितळेच्या पेल्यात कॉफी मिळते, तिच्यासाठी गाडी थांबवावी. रामेश्वरात देवळाजवळ शाकाहारी खानावळी आहेत आणि उत्तरेकडचे यात्रेकरू फार असल्याने पोळी-भाजीही मिळते. मासे खायचे तर पांबनला. १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा ताजा माल कमी येतो.

पुद्दुचेरी आणि कारैकाल केंद्रशासित असल्याने तिथे दारू स्वस्त आहे. ती गाडीत घालून तमिळनाडूत नेऊ नका, नाक्यावर तपासणी होते.

हिंदी चालते का?

रामेश्वरात चालते. वाटेत फारशी नाही. दहा-बारा तमिळ शब्द पाठ करा, माणसं जीव लावतात. तण्णी म्हणजे पाणी, एव्वळवु म्हणजे किती, पोदुम म्हणजे पुरे. वाढप्याने चौथ्यांदा भात आणला की शेवटचा शब्द फार उपयोगी पडतो.

पांबनच्या पुलावर थांबून फोटो काढता येतात का?

लोक थांबतात, पण थांबू नये. पूल अरुंद आहे, बस आणि ट्रक सतत धावतात, वारा माणसाला ढकलतो. मागच्या सीटवरून काच खाली करून पाहा. डावीकडे खाली रेल्वेचा पूल दिसतो. जुना पूल १९१४ सालचा होता. त्याचा मधला भाग माणसं हाताने लिव्हर फिरवून उघडत आणि जहाज जाऊ देत. शेजारचा नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. बेटाच्या बाजूला पूल संपल्यावर गाडी नीट लावून चालत मागे या आणि मनसोक्त बघा.

२२ तीर्थांचं स्नान कसं करतात? वयस्कर माणसांना जमेल का?

आधी देवळाच्या पूर्वेला अग्नितीर्थ, म्हणजे समुद्रात डुबकी. तिथे समुद्र शांत असतो. मग ओल्याच कपड्यांनी देवळात शिरून एकामागून एक २२ तीर्थं. ही बहुतेक विहिरी आहेत. कठड्यावर उभा असलेला सेवक बादलीने पाणी काढतो आणि डोक्यावर ओततो. प्रत्येक विहिरीच्या पाण्याची चव निराळी असते असं म्हणतात. मला दोन-तीन ठिकाणी तरी ती खरंच वेगळी लागली. शेवटचं कोटितीर्थ. त्यानंतर कोरडे कपडे घालूनच गाभाऱ्याकडे जायचं, ओल्या कपड्यांनी दर्शन नाही.

सोय अशी करा. पहाटे स्फटिकलिंगाचं दर्शन पाचच्या सुमारास असतं, ते आधी कोरड्याने घ्या, मग स्नानाला जा. तिकीट देवळाच्या खिडकीवर थोड्या रुपयांत मिळतं. आत पुढे नेतो म्हणून मागे लागणारे भेटतील. त्यांची मदत हवी असेल तर रक्कम आधी स्पष्ट ठरवा. बायकांनी जाड सुती कपडे घालावेत. मोबाइल आत नेता येत नाही, गाडीत किंवा खोलीवर ठेवा.

फरशी पूर्ण ओली आणि गुळगुळीत असते. आईचं वय तेव्हा एकाहत्तर होतं. आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून सावकाश नेलं, दोन तास लागले. गुडघे दुखणाऱ्यांनी समुद्र आणि कोटितीर्थ एवढंच केलं तरी चालेल असं तिथल्या गुरुजींनीच सांगितलं. देवळातले पुजारी परंपरेने महाराष्ट्रीय घराण्यांतले आहेत. घरी मराठी न बोलताही, पुण्याहून आलोय म्हटल्यावर त्यांनी आईला हात धरून बसायला जागा करून दिली.

दर्शनानंतर बाहेरच्या प्राकारात एक फेरी मारा. तिथले खांब १२१२ सांगतात. मोजू नका, एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाकडे पाहा.

धनुष्कोडीला गाडी जाते का?

हो, २०१७ पासून डांबरी रस्ता थेट अरिचलमुनैच्या टोकापर्यंत आहे. गावापासून वीसेक किलोमीटर. पूर्वी वाळूतून जीपने जावं लागे. दोन्ही बाजूंना समुद्र आणि मध्ये एक रस्ता. डावीकडचं पाणी शांत, उजवीकडचं खवळलेलं. वाऱ्याने वाळू रस्त्यावर येते, म्हणून वेग कमी ठेवा. फक्त दिवसाउजेडी सोडतात आणि संध्याकाळी सगळ्यांना परत पाठवतात. सकाळी सातच्या आत पोचलात तर टोक जवळजवळ तुमचं एकट्याचं असतं. टोकाला समुद्रात उतरू नका, प्रवाह ओढून नेतात. फोनचं रोमिंग बंद ठेवा, कधी कधी श्रीलंकेचं नेटवर्क पकडतं.

वाटेत पडक्या भिंती दिसतील. त्या चर्चच्या आणि रेल्वे स्थानकाच्या. एके काळी मद्रासहून निघालेली बोट मेल इथे यायची आणि प्रवासी आगबोटीने श्रीलंकेतल्या तलैमन्नारला जायचे. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या अलीकडे लाटांखाली गेली, आतलं कुणीही वाचलं नाही. शहर पुन्हा वसवलं गेलं नाही. पांबनचा मोडलेला पूल मात्र तरुण अभियंता ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत उभा राहिला, तेच श्रीधरन ज्यांनी पुढे कोकण रेल्वे बांधली. भिंतींवर नावं कोरू नका. तिथे माणसं गेली आहेत.

अजूनही काही कोळी कुटुंबं झोपड्यांत राहतात. त्यांच्याकडून तळलेला मासा किंवा शिंपल्यांची माळ घ्या, घासाघीस न करता.

बेटावर आणखी काय पाहावं?

पेइ करुंबूला अब्दुल कलामांचं स्मारक, आणि गावात त्यांचं राहतं घर. कुंदुकालला विवेकानंद स्मारक. परदेशातून परतताना जानेवारी १८९७ मध्ये ते इथेच उतरले. धनुष्कोडीच्या वाटेवर कोदंडराम मंदिर, जे १९६४ च्या वादळातूनही उभं राहिलं. विल्लोंडीला समुद्राच्या आत गोड पाण्याची विहीर आहे. वेळ कमी असेल तर विल्लोंडी चुकवू नका, बाकीचं पुन्हा होईल.

गाडी कुठे लावायची?

देवळाभोवतीच्या चार रथवीथ्यांत गाडी घेऊन शिरू नका. वाहनतळावर लावून रिक्षाने किंवा चालत जा. खोली घेतानाच पार्किंग आहे का ते विचारा.

परत त्याच रस्त्याने यायचं का?

गाडी मदुरैला सोडता येत असेल तर तसं करा. रामेश्वरहून मदुरै सुमारे १७० किलोमीटर. मीनाक्षीचं दर्शन होतं आणि तिथून विमान मिळतं. नाहीतर तिरुचिरापल्लीमार्गे चेन्नई, पहाटे निघून.

रामेश्वरहून काय आणावं?

ताडगूळ, तिथे त्याला करुपट्टी म्हणतात. कोटितीर्थाचं पाणी. प्रवाळ आणि मोठे दुर्मीळ शंख विकायला कुणी काढले तर हात लावू नका. मन्नारच्या आखातातलं ते संरक्षित जीवन आहे आणि जवळ बाळगणं गुन्हा आहे.

आणि मूठभर वाळू. रीत अशी की सेतूची वाळू प्रयागला नेऊन संगमात सोडायची, तिथून गंगा घ्यायची आणि ती रामेश्वराला आणून वाहायची, मग यात्रा पुरी होते. एकनाथांनी हीच कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. आईने अग्नितीर्थावरची वाळू रुमालात बांधून आणली, ती देवघरात पितळेच्या डबीत आहे. या माघात प्रयागची तिकिटं काढली आहेत.